पोलादाला न विचारलेला प्रश्न

हातमोजे काढू नका. हवेचं तापमान उणे 3 अंश सेल्सिअस आहे आणि इथे जिथे हात टेकाल तिथे पोलाद आहे. तारीख 16 जानेवारी 1943, वेळ रात्रीची. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरातून वाहणाऱ्या विलामेट नदीच्या धक्क्यावर तुम्ही उभे आहात. या भागाला स्वान आयलंड म्हणतात. काही वर्षांपूर्वी इथे शहराचा विमानतळ होता. मग युद्ध आलं आणि हेन्री कायझर या उद्योजकाने त्याच जागेवर तेलवाहू जहाजांचा कारखाना उभा केला. काम चोवीस तास, तीन पाळ्यांत चालतं.

तुमच्या अंगात चामड्याचा जाड कोट आहे, डोक्यावर काळ्या काचेचा मुखवटा वर सरकवलेला. तो मुखवटा खाली ओढल्याशिवाय समोरच्या निळ्या झोताकडे बघू नका, रात्रभर डोळे चुरचुरतील. शेजारी गुडघ्यावर बसून शिवण भरणारा माणूस उठतो, मुखवटा वर करतो, आणि ती एक बाई असते. वर्षभरापूर्वी तिने वेल्डिंगचं यंत्र पाहिलंही नव्हतं. या धक्क्यावर तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. शेतावरून आलेल्या, दुकानातून आलेल्या, काही आठवड्यांच्या शिकवणीवर उभ्या केलेल्या. त्या रात्रभर वाकून पत्र्याला पत्रा जोडतात. हे चित्र नीट मनात ठेवा, कारण थोड्याच दिवसांत चौकशीचं बोट याच हातांकडे वळणार आहे.

धक्क्याला 'स्केनेक्टडी' नावाचं नवं कोरं टँकर बांधलेलं आहे. लांबी जवळजवळ 160 मीटर. ऑक्टोबरात ते पाण्यात उतरलं, 31 डिसेंबरला त्याचं काम पुरं झालं, आणि समुद्रावरच्या चाचण्या देऊन ते आता परत आलंय. नदी शांत आहे. पाण्याचं तापमान 4 अंश. जहाजात ना तेल, ना तोफगोळे, ना शत्रूचा पाणतीर. ते नुसतं उभं आहे.

आणि आवाज होतो.

तोफ डागल्यासारखा, एकच. दीड किलोमीटरवरही तो स्पष्ट ऐकू जातो. तुम्ही वळून बघेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. मधल्या मजली बांधकामाच्या लगेच मागे डेक एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चिरला गेलाय. चीर दोन्ही कुशींवरून खाली उतरून तळाच्या वळणापर्यंत पोचलीय. आतल्या उभ्या भिंती, तळाच्या तुळया, सगळं तुटलंय. फक्त तळाचा पत्रा शाबूत आहे आणि त्याच बिजागरीवर जहाज दुमडलंय. मधला भाग पाण्याबाहेर उचलला गेला, नाळ आणि पिछाडी नदीच्या गाळात जाऊन टेकली.

सकाळी उजेड झाल्यावर चिरेच्या काठाशी या. ओढून तुटलेलं पोलाद कसं दिसतं हे कुठल्याही लोहाराला माहीत असतं. आधी ते लांबतं, तुटायच्या जागी बारीक होतं, मग करड्या मळकट तोंडाने सुटतं. इथे तसं काही नाही. पत्र्याची जाडी जिथल्या तिथे आहे. भंगाचं तोंड सपाट, आणि सूर्याकडे धरलं तर कणाकणाने चमकणारं. अशा भंगावर बहुधा बाणाच्या टोकांसारख्या खुणा एकामागे एक उमटलेल्या असतात, आणि ही टोकं चीर जिथून निघाली त्या जागेकडे रोखलेली असतात. अशी फुटलेली जहाजं तपासणारी माणसं हातात खडू घेऊन या खुणांच्या मागे उलट चालत गेली आणि उगमाशी पोचली. 'स्केनेक्टडी'च्या बाबतीत उगम सापडला तो डेकच्या कडेला, बाजूच्या सगळ्यात वरच्या पट्ट्यावरच्या एका सदोष जोडाशी.

आता एक आकडा. त्या रात्री डेकवर किती ताण होता याचा हिशेब मांडला गेला: चौरस इंचाला सुमारे 9,900 पौंड, म्हणजे 68 मेगापास्कल. हे पोलाद कायमचं वाकायला याच्या तिपटीहून अधिक ताण लागतो आणि तुटायला त्याहूनही बराच जास्त. पुस्तकातल्या नियमाने जहाजाला काही होण्याचं कारण नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणात हा आकडा सर्वांत अस्वस्थ करतो. मोजायचं ते सगळं मोजलं होतं, आणि ते बरोबरही होतं.

थोडं मागे जाऊ, म्हणजे इतकी घाई का होती ते कळेल. 1941-42 च्या काळात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या एकामागून एक मालवाहू जहाजं बुडवताहेत. ब्रिटनला धान्य, तेल, रणगाडे पोचवायचे तर बुडतात त्याहून वेगाने जहाजं बांधायला हवीत. त्यातून 'लिबर्टी' जातीची मालवाहू जहाजं निघाली. पहिलं, 'पॅट्रिक हेन्री', 27 सप्टेंबर 1941 रोजी बाल्टिमोरला पाण्यात उतरलं. युद्ध संपेपर्यंत अशी 2,710 झाली. रिव्हेट ठोकून जहाज बांधायचं तर तापलेला खिळा भोकात घालायचा, पलीकडून थोपवायचा, अलीकडून ठोकायचा, आणि हे लाखो वेळा. त्याला मुरलेले कारागीर लागतात आणि वेळ लागतो. वेल्डिंगने दोन्ही वाचलं. जहाजाचे मोठे मोठे तुकडे जमिनीवर तयार करायचे, क्रेनने उचलून जागेवर बसवायचे आणि शिवण भरायची. नोव्हेंबर 1942 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला 'रॉबर्ट ई. पिअरी' हे जहाज कणा टाकल्यापासून 4 दिवस आणि 15 तासांत पाण्यात उतरलं. प्रचारासाठीचा विक्रम होता तो, पण नेहमीची जहाजंही काही आठवड्यांत होत होती. ही जहाजं नसती तर युद्धाचं काय झालं असतं हे सांगणं अवघड आहे, आणि म्हणूनच घाईला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

वेल्डिंगने आणखी एक गोष्ट केली, जी तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आली. रिव्हेटच्या जहाजात पत्र्यावर पत्रा चढवलेला असतो. एका पत्र्याला तडा गेला तर तो त्या पत्र्याच्या काठापर्यंत धावतो आणि थांबतो, कारण पुढचा पत्रा वेगळा आहे. वेल्डिंगने सगळे पत्रे मिळून एकच अखंड पत्रा झाला, नाळेपासून पिछाडीपर्यंत. तड्याला आता कुठे काठच उरला नाही.

तड्याला निघायला जागाही ठेवलेल्या होत्या. एखाद्या लिबर्टी जहाजाच्या डेकवर चढा आणि माल उतरवायच्या मोठ्या चौकोनी तोंडापाशी, हॅचपाशी, उकिडवे बसा. कोपऱ्यावर बोट ठेवा. काटकोनात कापलेला, टोकदार. डेकमधून वाहत येणारा ताण या कोपऱ्याला वळसा घालताना तिथे दाटतो आणि आजूबाजूच्या कितीतरी पट होतो. कापडाच्या दुकानात गडी ताग्याच्या काठाला कात्रीने नुसता काप मारतो आणि मग दोन हातांनी सर्रकन फाडतो. काप मारला नसता तर तेच कापड त्याला ओढून फाटलं नसतं. हॅचचा कोपरा, शिडी बाहेर सोडायला काठाच्या पट्ट्यात कापलेली खाच, घाईत अर्धवट भरलेली शिवण, हे सगळे जहाजाला मारलेले काप होते.

मार्च 1943 मध्ये 'एसो मॅनहॅटन' या दुसऱ्या टँकरचे न्यूयॉर्कजवळ समुद्रात दोन तुकडे झाले. त्याच महिन्यात वॉशिंग्टनला या. सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या समितीपुढे सुनावणी चालू आहे. एका मोठ्या पोलाद कारखान्यात पत्र्यांच्या चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले जात होते, असं तिथे बाहेर येतं. खोलीत संताप आहे आणि तो रास्त आहे. दुसरीकडे जहाजांना प्रमाणपत्र देणारी संस्था 'स्केनेक्टडी'चा दोष वेल्डिंगवर ठेवते: जोडकामाने आत कोंडलेले ताण आणि सदोष शिवणी. स्वान आयलंडवरच्या त्या बाईला हे वर्तमानपत्रातून कळत असेल. सदोष शिवणी खरोखरच होत्या. आत कोंडलेले ताणही होते. पण तुम्ही त्या खोलीत बसलेले असाल तर एक प्रश्न विचारून बघा: चाचण्यांचे आकडे खरे लिहिले असते, तर त्यातून हे पोलाद उणे 3 अंशांना कसं वागेल ते कळलं असतं का? नाही. कारण ती चाचणीच करायला सांगितलेली नव्हती. जहाजाच्या पत्र्याच्या मानकात ओढून किती ताणाला तुटतो, किती लांबतो, हे विचारलेलं होतं. खाच पाडून, थंड करून, दणका दिला तर काय होतं, हे विचारलेलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये सरकारने चौकशी मंडळ नेमलं. त्याचं काम चालू असतानाच, 24 नोव्हेंबर 1943 रोजी, अलास्काजवळच्या थंड समुद्रात 'जॉन पी. गेन्स' या लिबर्टी जहाजाचे दोन तुकडे झाले. 10 माणसं गेली. तिथे तुम्हाला नेत नाही. त्या पाण्यात उभं राहून बघण्यासारखं काही नाही.

त्याऐवजी इंग्लंडला चला, केंब्रिजला. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात कॉन्स्टन्स टिपर काम करताहेत. पन्नाशीच्या आसपासच्या, धातूच्या स्फटिकांवर वीस वर्षांहून अधिक काम केलेल्या. 1923 साली जी. आय. टेलर यांच्याबरोबर त्यांनी अॅल्युमिनियमचा एकच स्फटिक ओढला की तो कोणत्या प्रतलांवर सरकतो हे दाखवलं होतं. तेव्हा त्यांचं आडनाव एलम होतं. पुढे त्यांनी जॉर्ज टिपर यांच्याशी लग्न केलं, जे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी होते. ज्या विद्यापीठात त्या शिकल्या, त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला 1948 साल उजाडलं. विभागाचे प्रमुख जॉन बेकर यांनी जहाजांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांच्या टेबलापाशी उभे राहा, पण मध्ये बोलू नका. टिपर बाईंनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरलाय. जोड बाजूला ठेवा, त्या जणू म्हणताहेत, नुसता पत्रा घ्या. जहाजाच्याच जाडीची पट्टी, दोन्ही काठांना समोरासमोर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. ती यंत्रात धरून ओढायची. पण एकदा उबदार असताना, एकदा गार करून, एकदा आणखी गार करून. उबदार पट्टी खाचेपाशी आकसते, लांबते, करड्या तंतुमय तोंडाने तुटते. गार पट्टी थोडंही न लांबता, चमकत्या सपाट तोंडाने फुटते. पत्रा तोच, खाच तीच, कारखाना तोच. मध्ये कुठेतरी काही अंशांचा एक पट्टा असतो आणि तो ओलांडला की पोलादाचा स्वभावच बदलतो. तुटलेली तोंडं शेजारी शेजारी मांडून त्या चमकता भाग किती टक्के आहे हे मोजतात. वेल्डिंग नसलेला पत्राही काचेसारखा फुटतो, हे त्या टेबलावर डोळ्यांनी दिसतं.

असं का होतं ते थोडक्यात. पोलाद वाकतं ते त्याच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून. साध्या पोलादात, लोखंडाच्या ज्या मांडणीत घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी एक अणू असतो, त्या मांडणीत हे सरकणं थंडीत अवघड होत जातं. तांब्यात किंवा अॅल्युमिनियममध्ये मांडणी वेगळी असते, त्यांना थंडी इतकी बाधत नाही. सरकता आलं तर तड्याचं टोक बोथट होतं आणि पोलाद वेळ काढतं. सरकता आलं नाही तर थर सरळ उकलतात आणि तडा सेकंदाला शेकडो मीटर, कधी त्याहूनही अधिक वेगाने पुढे जातो. कार्बन जास्त आणि मँगेनीज कमी असेल, गंधक, स्फुरद, विरघळलेला प्राणवायू असेल, लाटताना कण मोठे राहिले असतील, तर स्वभाव बदलण्याचं हे वळण वरच्या तापमानाकडे सरकतं. युद्धातल्या कित्येक पत्र्यांचं हे वळण नदीच्या, समुद्राच्या नेहमीच्या हिवाळी तापमानातच येऊन बसलेलं होतं.

अमेरिकेतही ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फुटलेल्या जहाजांतले पत्रे कापून आणले गेले आणि त्यांचे तीन गट केले: ज्यात तडा उगवला ते, ज्यातून तो गेला ते, आणि ज्यात तो थांबला ते. प्रत्येकाचे छोटे तुकडे, जहाज फुटलं त्या तापमानाला आणून, लंबकी हातोड्याने तोडले. तडा जिथे उगवला ते पत्रे फारच थोडी ऊर्जा खाऊन तुटले. तडा जिथे थांबला ते बरीच जास्त खाऊन. त्यातून 15 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 20 जूल, ही एक सीमारेषा पुढे आली. अशा कामात इतकी स्पष्ट रेघ क्वचित मिळते.

हा लंबकी हातोडा कुणाचा? त्यासाठी आणखी मागे, फ्रान्समधल्या माँल्यूसाँ गावच्या पोलाद कारखान्यात जावं लागेल. जॉर्ज शार्पी तिथे काम करत होते. 1901 साली त्यांनी आपली पद्धत मांडली: खाच पाडलेला तुकडा दोन टेकूंवर ठेवा, खाचेच्या बरोबर मागे हातोडा बसू द्या, आणि तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती उंच जातो ते बघा. कमी उंच गेला तर तुकड्याने जास्त ऊर्जा खाल्ली. म्हणजे 'स्केनेक्टडी' फुटण्याआधी 40 वर्षं हे यंत्र होतं. दाखलेही होते. 15 जानेवारी 1919 रोजी बोस्टनमध्ये काकवीची 15 मीटर उंच टाकी एका दमात फुटली आणि 21 माणसं दगावली; ती टाकी रिव्हेटची होती. 1938 च्या मार्चमध्ये बेल्जियममध्ये हासेल्टचा नवा वेल्डिंगचा पूल अल्बर्ट कालव्यात कोसळला. प्रत्येक वेळी त्या त्या टाकीची, त्या त्या पुलाची चौकशी झाली. सगळ्यांच्या पोटात एकच प्रश्न आहे हे ओळखायला इतकी जहाजं फुटावी लागली, याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी लपवत नाही.

पुन्हा धक्क्यावर या, 1944 साली. दुरुस्त्या दिसू लागल्यात. हॅचचे कोपरे गोलाई देऊन बांधले जाताहेत. काठाच्या पट्ट्यातल्या खाचा बंद झाल्यात. आणि डेकवर लांबलचक पट्टे दिसताहेत, ज्यांच्याखालचा पत्रा मुद्दाम उभा कापून, वर पट्टा ठेवून रिव्हेटने ठोकलाय. वेल्डिंगच्या जहाजात पुन्हा काठ घातलाय, तड्याला अडायला जागा म्हणून. पत्रे तेच ठेवून इतकं केलं तरी मोठे अपघात झपाट्याने उतरले. 1946 च्या अहवालात मंडळाने तपासलेल्या जहाजांचा आकडा 4,694 आहे. त्यातल्या 970 जहाजांना तडे गेले होते. 26 माणसं मेली. इतक्या जहाजांच्या मानाने कमी, असं कुणी म्हणेल. धक्क्यावर त्या रात्री उभं राहिल्यावर तसं म्हणवत नाही. युद्धानंतर जहाजाच्या पोलादाचे दर्जे ठरले, मँगेनीज वाढलं, कण बारीक करायची पद्धत आली, आणि पत्र्यासोबत थंडीतल्या दणक्याचा आकडा मागितला जाऊ लागला. वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी, ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास काचेसाठी मांडलेला विचार पोलादाला लावून, किती लांबीचा तडा किती ताणाला सुटेल याचं गणितच तयार केलं. 'स्केनेक्टडी' दुरुस्त होऊन परत समुद्रावर गेलं आणि पुढे कित्येक वर्षं चाललं.

वेल्डिंग नसलेल्या बांधकामातही हा प्रश्न उरलाच होता. 15 डिसेंबर 1967 च्या संध्याकाळी, वाहनांच्या गर्दीच्या वेळी, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि 46 माणसं गेली. तो 1928 चा, साखळीवर टांगलेला पूल होता. साखळीच्या एका दुव्याच्या डोळ्याशी, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा वर्षानुवर्षं गंज आणि ताणाने वाढत गेला होता. तो थंड संध्याकाळी सुटला. त्यानंतर अमेरिकेत पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी कायद्याने बंधनकारक झाली.

आता आज. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साहित्यचाचणीच्या प्रयोगशाळेत जा. कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात शार्पीचं यंत्र असतंच, बहुधा आयझॉड या दुसऱ्या दणका-चाचणीच्या जोडीला. तुकडा 10 मिलिमीटर चौरस, 55 मिलिमीटर लांब, मध्ये 2 मिलिमीटर खोल खाच. मुलं हातोडा सोडतात, काटा वाचतात, जर्नलमध्ये आकडा लिहितात, सही घेतात. पण पुण्या-मुंबईच्या खोलीच्या 28-30 अंशांना साधं पोलाद चिवटच वागणार. त्या एका आकड्यात 1943 चं काहीच दिसत नाही, आणि विद्यार्थी ही चाचणी कशासाठी आहे हे न कळताच पुढच्या प्रयोगाकडे जातो.

तुम्ही तिथे शिकवत असाल तर पुढच्या वेळी एवढं करा. एकाच सळईतून सारखे पाच-सहा तुकडे करून घ्या. एक खोलीच्या तापमानाला तोडा. एक बर्फाच्या पाण्यात ठेवा. बाकीचे अल्कोहोल आणि सुक्या बर्फाच्या मिश्रणात, वेगवेगळ्या तापमानांना, निदान पाच मिनिटं. जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. चिमट्यालाही त्याच थंडाव्यात बुडवून ठेवा, नाहीतर उचलतानाच टोक तापेल. तुकडा बाहेर काढला की पाच सेकंदांच्या आत हातोडा सुटला पाहिजे. मग मुलांना आवाज ऐकू द्या, कारण तोही बदलतो. तुकड्यांची तुटलेली तोंडं कागदावर ओळीने मांडायला सांगा, आणि प्रत्येकाखाली जूलच्या आकड्याशेजारी तापमान लिहायला लावा.